ठकीचं वॉशिंग मशीन

चष्म्याच्या दुकानात नोकरी करण्याचा एक फायदा असतो: समोरच्या माणसाला तुम्ही नीट दिसत नाही. गिऱ्हाईक जुना चष्मा काढून काउंटरवर ठेवतं, डोळे बारीक करून फ्रेम निवडतं आणि ठकी त्याच्याशी मोकळेपणानं बोलत राहते. पंचाईत होते ती नवा चष्मा न्यायला आल्यावर. ठकी तो नाकावर बसवून देते, दांड्या कानांमागे सारख्या करते, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदाच स्वच्छ नजरेनं तिच्याकडे बघून ओरडतं, "अगं, तू ठकी ना!"

"नंबर बरोबर आहे," ठकी म्हणते आणि बिल करायला घेते.

तिला खरं नाव आहे, पण ते बँकेपुरतं. सहाव्या वर्षी तिनं टीव्हीवरच्या एका मालिकेत ठकी नावाच्या अनाथ पोरीचं काम केलं आणि पुढची पाच वर्षं लोकांच्या जेवणाच्या वेळेला घरोघरी रडली. लोकही ताटावर बसून तिच्याबरोबर रडले. अकराव्या वर्षी एका सुट्टीत ती अशी काही उंच झाली की मालिकेतली दुष्ट आत्या तिच्या खांद्याला लागायला लागली. आता हिला छळणार कसं? लेखकानं ठकीला दूरच्या शाळेत धाडलं आणि तिथून परत आणायचं सगळेच विसरले.

रडणं तिचं असलं तरी युक्ती आईची होती. डोळ्यांत घालायच्या थेंबांनी पोरीचे डोळे सुजायचे, ते आईला बघवेना. मग आई कॅमेऱ्याशेजारी घडीची खुर्ची टाकून बसू लागली. आईनं स्वतःच्या कानाची पाळी धरली की ठकीनं बसमध्ये विसरलेला कापडी ससा आठवायचा, असं ठरलं. पहिल्या वर्षी ससा आठवून रडू यायचं. दुसऱ्या वर्षापासून सशाची गरज उरली नाही, नुसता कान पुरला. "यांचा कान म्हणजे आमचा नळ," असं दिग्दर्शक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा.

मालिका बंद झाली, नळ चालू राहिला. मामेबहिणीच्या लग्नात आई सहज कानातलं चाचपायला गेली आणि ठकी नवरीपेक्षा मोठ्यानं रडली. नवरीकडच्यांना वाटलं, हिला नवरदेवाबद्दल काहीतरी माहीत आहे. तेव्हापासून आई कानातलं घालायला बाथरूममध्ये जाते आणि आतून कडी लावते.

गाणं मात्र ठकीनं स्वतः शोधलं. गिटार वाजवताना आपल्या बोटांकडे बघायचं असतं. "बाळा, मान वर कर" असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिला ते आवडलं. बँडमध्ये तिघंच जण. ड्रम वाजवणारी बाई दिवसा गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ गाडीत तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. ठकी घाईघाईनं गायला लागली की तोच पाय ड्रमवर असा पडतो की ठकी जागच्या जागी येते. बेस गिटार वाजवणारा दातांचा डॉक्टर आहे. पेशंटच्या तोंडात बोळे असल्यामुळे त्याला उत्तर ऐकायची सवय नाही, तो आपला एकटाच बोलत असतो. पेशंट संपले की त्याच्याच दवाखान्यातल्या बाकड्यांवर तालीम चालते. त्यांच्या रॉकमध्ये प्रेमबिम नसतं. अडकलेली लिफ्ट, शेजारच्यांचं आपल्याकडे आलेलं पार्सल, चपलेतला खडा असले विषय. गाणी स्वतःच रेकॉर्ड करायची, स्वतःच नेटवर टाकायची आणि बरेचदा स्वतःच ऐकायची.

चपलांच्या दुकानांच्या उद्घाटनांपासून कॉलेजच्या मैदानांपर्यंत ठकी सगळीकडे गायली, आणि सगळीकडे शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलंच, "ठकी, एकदा रडून दाखव ना!" एकदाच, एका संध्याकाळी, लोकांनी आपल्याला फक्त गाताना ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून ती त्या हॉटेलच्या मालकाकडे गेली. हॉटेलच्या तळघरात छोटा हॉल होता, आणि तिथे येणारी माणसं गाणं ऐकतात अशी ख्याती होती.

"पोस्टरवर ठकीचा फोटो टाकू," मालक म्हणाला. "उभं राहायला जागा मिळणार नाही."

"फोटो नाही. मालिकेचं नाव नाही. ठकी हा शब्दसुद्धा नाही."

"मग लोक येतील कशाला?"

"गाणी ऐकायला."

चाळिशी लागली तरी चष्मा नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांकडे ठकी ज्या नजरेनं बघते, त्याच नजरेनं मालकानं तिच्याकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. "एक रविवार देतो. लोकांनी गाणी ऐकली तर दर महिन्याचा पहिला रविवार तुमचा. पण रडायची फर्माईश आली, तर पुढचं पोस्टर माझ्या मनासारखं."

"मंजूर."

मालकानं मंजूर केलं खरं, पण धीर धरवेना. दुसऱ्याच दिवशी त्यानं कुठून तरी नंबर मिळवून ठकीच्या आईला फोन लावला. "ताई, तिचा लहानपणचा एखादा रडका फोटो मिळेल का? असावा आपला हाताशी."

"गठ्ठाभर आहेत," आई म्हणाली. "मिळणार नाही. कार्यक्रम किती वाजता आहे?"

लेकीनं आईला कधीच कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं. "आवाज फार असतो गं तिथे," ती म्हणायची. खरं कारण दोघींना ठाऊक होतं आणि दोघीही ते बोलत नव्हत्या.

रविवारी संध्याकाळी आई ठेवणीतले कपडे घालून, तिकीट काढून, अगदी मागे खांबाच्या आडोशाला बसली. हॉल अर्ध्याहून थोडा जास्त भरला होता. लिफ्टचं गाणं झालं, पार्सलचं झालं, लोक माना डोलवत होते. मग मशीनचं गाणं सुरू झालं. ठकीच्या घरी पूर्वी एक वॉशिंग मशीन होतं, ते कपडे पिळायला लागलं की थरथरत बाथरूमभर चालायचं. "थांब रे बाबा, कुठे निघालास पाइप ओढत," ठकी गात होती, "मी वर बसले तरी चाललास!" आणि ड्रमवालीनं ते मशीन असं काही जोरात फिरवलं की मागे आईला सहन होईना. तिनं दोन्ही हात कानांवर नेले. पाळ्या चिमटीत आल्या.

नेमकी त्याच क्षणी ठकीनं मान वर केली, आणि खांबाच्या कडेनं तिला आईचा कान दिसला.

पाइप ओढत निघालेल्या मशीनबद्दल गाता गाता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला वाटलं, या मशीनमागे काहीतरी फार खोल दुःख असणार. तीही डोळे पुसू लागली. तिच्या मागच्या बाईंना एवढं खोल जावं लागलं नाही. "अगं बाई, ही तर ठकी!" त्या म्हणाल्या. भराभर मोबाइल वर झाले. काउंटरमागे मालकाचा चेहरा उजळला.

ठकीनं गिटारवर हात ठेवून गाणं थांबवलं. "आई," ती माइकमध्ये म्हणाली, "हात खाली."

अख्खा हॉल मागे वळला.

"मी काय केलं?" आई म्हणाली. "कान फुटायची वेळ आलीय माझी! ही बाई ते वाजवतेय की पाडतेय?"

"काकू, मशीन आहे ते," ड्रमवाली म्हणाली. "कपडे पिळतंय."

"आमचं एवढा आवाज नव्हतं करत."

"तू आत आलीस कशी?" ठकी म्हणाली.

"दारातून. तिकीट काढून."

लोक हसले. ठकीही हसली, पण पाणी काही थांबेना. तिनं बाहीनं तोंड पुसलं. "आई, तू बघत असलीस ना, की मला गाताच येत नाही गं."

आई उठली, आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि सगळ्यांना पाठ करून बसली. समोर फक्त विजेचा बोर्ड आणि कोट अडकवायच्या खुंट्या. "एवढंच ना?" ती भिंतीला म्हणाली. "आता मी कान धरीन नाहीतर नाक धरीन. गा तू."

"ठकी, एकदा रडून दाखव ना!" मागून एक गडी ओरडला. मालकानं टाळीच वाजवली.

"झालंय तिचं रडून," आईनं मान न वळवता सांगितलं. "आता गाणं आहे."

गाणं पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी ठकी बोटांकडे बघत नव्हती. ती थेट आईच्या पाठीकडे बघून गात होती, आणि काही मोबाइल वर राहिले, काही खाली गेले, याकडे तिचं लक्षही नव्हतं. शेवटच्या कडव्यात पुढची रांग टाचा आपटून मशीन फिरवायला लागली. गाणं संपलं तसा तोच मघाचा गडी उठून ओरडला, "मशीन! परत मशीन!" बाकीच्यांनी री ओढली. मशीन परत झालं.

सामान आवरताना मालक आला. त्यानं थोडा वेळ केबल गुंडाळायला मदत केल्यासारखं केलं.

"रडायची फर्माईश आली होती," तो म्हणाला.

"ऐकली मी."

"मशीनचीही आली. मशीनवाले जास्त होते." त्यानं मान खाजवली. "पहिला रविवार तुमचा. पोस्टरवर मशीन काढून घेतो."

"दार समोरून असलेलं काढा," डॉक्टर म्हणाला, "वरून उघडणारं नको, कारण वरून उघडणाऱ्यात काय होतं..." आणि तो मालकाला घेऊन काउंटरकडे गेला.

आई अजून भिंतीकडेच तोंड करून बसली होती. "वळू का आता?" तिनं विचारलं.

"वळ."

आई वळली. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. "ते गाणं आपल्या मशीनचं आहे ना?"

"हो."

"गाण्यात त्याच्यावर तू बसतेस. तू कधी बसलीस? बसायचे मी."

"अगं, गाण्यात चालतं तसं."

"चालत असेल. पण पडले मी होते. गुडघा फुटला होता माझा. ते का नाही घेतलंस?"

ठकी केबल टाकून तिच्याकडे बघायला लागली. "तू पडलीस? कधी?"

"तू सहलीला गेली होतीस. आलीस तेव्हा भूक लागली होती तुला."

"मग मला कसं कळणार?"

"विचारलं कधी?"

ठकीनं गिटारची पेटी आडवी टाकली आणि तिच्यावर आईसमोर बसली. "सांग."

आईनं घसा साफ केला. आपण आता कुठे बघायचं, हे तिला क्षणभर कळेना; मग तिनं सरळ लेकीकडेच बघितलं. "तर त्या दिवशी," ती म्हणाली, "मी एकदम तीन चादरी टाकल्या होत्या. तिथेच चुकलं."