डोंगरबाईंची आदर्श उत्तरपत्रिका

शाळेत त्यांना सगळे डोंगरबाई म्हणत. चणीने त्या इतक्या लहान, की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायची तर टाचा उचलाव्या लागत. पण नाव मात्र डोंगरबाईच. त्याचं कारण असं, की गेली सत्तावीस वर्षं नववीला कुठलीही कथा शिकवायच्या आधी त्या फळ्यावर एक डोंगर काढत. डाव्या पायथ्याशी ‘सुरुवात’, चढणीवर ‘संघर्ष’, टोकावर ‘उत्कर्षबिंदू’, उतरणीवर ‘उकल’ आणि उजव्या पायथ्याशी ‘शेवट’. मग ती गोष्ट राजाची असो नाहीतर हरवलेल्या छत्रीची, बाई तिला एका बाजूने चढवून दुसऱ्या बाजूने सुखरूप उतरवून दाखवत. गोष्ट धापा टाकायची, मुलं टाकत नसत. ती झोपलेली असत.

सवय अंगात मुरली की वर्गापुरती राहत नाही. शिपायाला उशीर का झाला हे तो सांगू लागला, की बाई म्हणत, सुरुवात पुरे, संघर्षावर या. शिक्षकखोलीत कुणी सासूची तक्रार मांडली, की बाई शांतपणे विचारत, यातलं मुख्य पात्र नक्की कोण? तक्रार करणारीला ते आवडत नसे, आणि त्या दिवशी बाईंना कुणी चहा विचारत नसे.

त्यांच्या डोंगरावर चढायला साफ नकार देणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताई आठ वर्षांनी मोठी, आणि कपडे शिवणारी. दोघी बहिणी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी. खिडकीशी ताईचं पॅडलचं शिलाई मशीन, त्याला लागून कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि पार आतल्या कोपऱ्यात, कपाटाच्या सावलीत, डोंगरबाईंचं लिहायचं टेबल. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागे. बाई लाल पेनने खुणा करत आणि ताई पायाने मशीन पळवत असे, आणि वर्षानुवर्षं दोघी आपापल्या जागी बसून एकमेकींवर धुसफुसत असत. तुझ्या खडखडाटाने माझं डोकं उठतं, असं बाई म्हणत. तुझ्या उसाशांनी माझा दोरा तुटतो, असं ताई म्हणे.

पण एका मंगळवारी सकाळी प्रकरण हाताबाहेर गेलं. बाई चाचणीच्या उत्तरपत्रिका मोजत होत्या आणि एक कमी भरत होती. घर पालथं घातल्यावर ती सापडली बेताच्या टेबलावर, पण उत्तरपत्रिकेच्या रूपात नव्हे. ताईने तिची कॉलर कापली होती. ब्लाउजच्या कॉलरचा कागदी नमुना हवा होता, हाताशी कागद आला, तिने कात्री चालवली. ‘नायकाचे स्वभावचित्रण करा’ या प्रश्नाच्या उत्तराला आता सुरेख गोलाई आली होती आणि नायकाचे निम्मे गुण कचऱ्याच्या डब्यात गेले होते.

“या घरात माझ्या कामाला काही किंमतच नाही,” बाई म्हणाल्या.

ताईने कात्री खाली ठेवली. तिचा आवाज कधी चढत नसे. चढला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, कापडाच्या दुकानामागे एक खोली रिकामी आहे, दुकानदार केव्हाचा मागे लागलाय. एक तारखेपासून मी तिकडे राहीन. मग खिडकीही तुझी आणि शांतताही तुझी.

बाई चप्पल घालून शाळेत गेल्या. तिथे दुसरं संकट वाट पाहत होतं. सहामाहीच्या पेपरसाठी त्यांनी निवडलेली अपठित कथा, म्हणजे मुलांनी आधी वाचलेली नसावी अशी कथा, बाजारातल्या एका गाईडमध्ये उत्तरांसकट छापलेली निघाली. पेपर तीन वाजता छपाईला जाणार होता. नवी कथा शोधायला वेळ नव्हता. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी स्वतःच कथा लिहायला घेतली, आणि डोक्यात त्या वेळी जे खदखदत होतं तेच कागदावर सांडलं.

अर्थात वेषांतर करून. कथेत एक सोशिक, शांतताप्रिय ग्रंथपाल होती. तिची मोठी बहीण घरी टायपिंगची कामं घेई आणि खिडकी अडवून दिवसभर टाइपरायटर बडवी. एकदा तिने ग्रंथपालाची महत्त्वाची सूची फाडून तिच्यावर शाई पुसली. शेवटी मोठी बहीण घर सोडून गेली, ग्रंथपालाला खिडकी मिळाली, आणि घरात शांतता नांदू लागली. मध्येच कुठेतरी, माहिती म्हणून, असंही एक वाक्य होतं की वडील लवकर गेल्यावर मोठीनेच टायपिंग करून धाकटीला शिकवलं होतं. ते लिहिताना बाईंचं पेन अडखळलं नाही. डोंगराच्या पायथ्याला थोडी पार्श्वभूमी लागतेच.

पेपरसोबत आदर्श उत्तरपत्रिकाही त्यांनी सीलबंद करून पर्यवेक्षिकाबाईंकडे दिली. शाळेचा नियमच तसा होता. तपासणी त्या उत्तरांनुसारच करायची. उत्तर बदलायचं झालंच, तर नोंदवहीत कारण लिहून सही करायची. डोंगरबाईंच्या नावाचं पान सत्तावीस वर्षं कोरं होतं, आणि त्या कोऱ्या पानाचा त्यांना बक्षिसासारखा अभिमान होता. आदर्श उत्तर होतं: मुख्य पात्र, ग्रंथपाल. विरोधी पात्र, मोठी बहीण. संघर्ष, शांतता विरुद्ध खडखडाट. शेवट, योग्य.

परीक्षा झाली. बेचाळीस उत्तरपत्रिका घरी आल्या त्या रविवारी महिना संपत होता. ताईची बांधाबांध आटोपली होती. मशीनला दोरखंड आवळलेला, बॉबिनचे डबे पिशवीत, मापाची टेप सगळ्यात वर. टेम्पो पाच वाजता यायचा होता. ताई स्वयंपाकघरात बसून शेवटच्या ब्लाउजला हातानेच हुक लावत होती, आणि घरात, बऱ्याच वर्षांनी, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. बाईंनी पहिली उत्तरपत्रिका उघडली.

मुख्य पात्र: मोठी बहीण.

चूक. बाईंनी लाल फुली मारली. दुसरी: मोठी बहीण. फुली. तिसरी, चौथी, पाचवी, तेच. कुणीतरी कॉपी केली असणार म्हणून बाईंनी बैठकव्यवस्थेचा कागद काढून पाहिला, तर एक पहिल्या बाकावरचा, एक दाराजवळची. बाराव्या उत्तरपत्रिकेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते.

कारणंही मुलांनी भरभरून दिली होती. मोठी बहीण कष्टाळू आहे, कारण ती टाइपरायटर पायाने चालवते, असं एकीने लिहिलं होतं. बाईंनी चपापून स्वतःची कथा पुन्हा वाचली. चौथ्याच ओळीत स्पष्ट छापलेलं होतं: ‘ती खिडकीशी बसून तासन्‌तास पॅडल मारत असे.’ बाईंनी कपाळाला हात लावला. त्या एका पॅडलवर मुलांनी संसार उभा केला होता. एकाने ती अपंगांसाठी बनवलेली खास यंत्रं वापरत असावी असा अंदाज बांधला होता. एकाने तिच्या गुडघ्यांबद्दल काळजी व्यक्त केली होती.

मग संघर्ष. ‘ग्रंथपाल सकाळी जाते ती संध्याकाळी येते,’ एका मुलीने लिहिलं होतं, ‘मग दिवसाची खिडकी तिला रविवार सोडून कशाला हवी? खरा संघर्ष काय आहे हे लेखकाला माहीत नसावे.’ बाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सत्तावीस वर्षांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. रविवार सोडून कशाला हवी?

आणि शेवट. एकजात सगळ्यांनी अयोग्य ठरवला होता. जिने शिकवलं तिलाच घालवलं, असं पंधरावीस जणांनी वेगवेगळ्या शुद्धलेखनात म्हटलं होतं. पायथ्याशी टाकलेलं ते एक वाक्य त्यांनी उचलून थेट डोंगराच्या टोकावर नेऊन ठेवलं होतं. एकाने फक्त इतकंच विचारलं होतं: ‘आता ग्रंथपाल चिडणार कोणावर?’

बेचाळीसपैकी एकच उत्तर आदर्श उत्तराशी जुळलं. बाईंना गहिवरून आलं. त्या पठ्ठ्याने लिहिलं होतं, मुख्य पात्र ग्रंथपाल आहे, कारण ती सारखी चिडचिड करते आणि चिडकी माणसं गोष्टीत जास्त जागा खातात.

“काय गं, सगळे नापास का?” स्वयंपाकघरातून ताईने विचारलं. बाईंच्या उसाशांचा हिशेब तिला डोळे मिटून कळत असे.

बाई म्हणाल्या, यंदाची कथा जरा अवघड पडली. वाच बरं, ताई म्हणाली, हुक लावता लावता ऐकते. बाईंनी टाळाटाळ केली, चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. शेवटी वाचावंच लागलं. ताईची सुई चालू राहिली. टाइपरायटर आला, सूची फाटली, सुई चालूच. पॅडलवर मात्र ती थांबली.

“टाइपरायटरला पॅडल?”

“छपाईची चूक,” बाई म्हणाल्या.

कथा संपल्यावर ताईने प्रश्न कोणते ते विचारलं, बाहेर येऊन बेताच्या टेबलाखालचा उरलासुरला खाकी कागद ओढला, आणि कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूने उत्तरं लिहायला बसली. सातवीनंतर तिने परीक्षा दिली नव्हती. बाई पर्यवेक्षण करावं तशा दारात उभ्या राहिल्या. खरं तर त्यांना बसवत नव्हतं. पावणेपाच झाले होते.

ताईने कागद पुढे केला. खडू ठिकठिकाणी फुटला होता, पण अक्षर सरळ होतं, शिवणीसारखं.

‘मुख्य पात्र: दोघी. एकीला काढली तर दुसरीची गोष्टच होत नाही. संघर्ष: मोठीने कॉलर कापली ही चूक झाली, पण माफी मागायच्या आधीच धाकटी शाळेत गेली. शेवट: हा प्रश्न मला विचारू नये. कथा ज्याची, शेवट त्याने लिहावा.’

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग सवयीने लाल पेन उघडलं आणि दहापैकी साडेनऊ दिले.

“अर्धा कुठे गेला?” ताईने विचारलं.

“प्रश्न सोडल्याबद्दल.”

“मग तू सोडव.”

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. बाईंनी सत्तावीस वर्षं हजारो मुलांना शेवट बदलून लिहायला लावला होता, तो पण शंभर शब्दांत, मुद्देसूद. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र त्या पेनचं टोपण लावत-काढत राहिल्या. टेम्पोवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला आणि तो जिना चढू लागल्याचा आवाज आला.

“ताई, तू जाऊ नकोस,” त्या एका दमात म्हणाल्या. मग जरा थांबून, “मला शिकवलंस तू. हे मी पेपरात लिहिलं, पण तुला कधी म्हटलं नाही.”

ताईने दाताने दोरा तोडला. सुई टोपलीतल्या टाचण्यांच्या उशीत खोचली. “बरं,” ती म्हणाली. “पण त्या टेम्पोवाल्याला काय सांगणार? माणूस आशेने दोन जिने चढून आलाय.”

तो दारात उभाच होता, घाम पुसत. त्याने विचारलं, काय न्यायचंय? मशीन ना? बाईंनी खोलीभर नजर फिरवली. दोरखंडाने आवळलेलं मशीन, खिडकी, बेताचं लांब टेबल, आणि कपाटाच्या सावलीत ते आपलं जुनं, अवजड, अंधारं लिहायचं टेबल.

“ते न्या,” त्या म्हणाल्या, “शाळेत.”

ते टेबल जिन्यातून उतरवताना जे काही झालं त्यावर एक स्वतंत्र डोंगर काढता येईल. वळणावर ते अडकलं, टेम्पोवाल्याने ते घडवणाऱ्या सुताराचा उद्धार केला, ताईने वरून मापाची टेप टाकून ‘आडवं धरा, दीड इंच जागा उरते’ असं मार्गदर्शन केलं. अखेरीस टेबल गेलं. ताईने मशीनचा दोरखंड सोडला. बाईंनी बेताच्या टेबलाचं उजवं टोक, खिडकीकडचं, पुसून घेतलं आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिथे ठेवला. मशीन सुरू झालं, आणि त्या खडखडाटात बाईंनी एकेचाळीस लाल फुल्या खोडून पुन्हा गुण दिले. प्रत्येक पाच पेपरांनंतर ताई विचारत होती, मोजलेस का? कारण कात्री तिच्या हातात होती.

सोमवारी पर्यवेक्षिकाबाईंनी नोंदवही पुढे केली तेव्हा शिक्षकखोलीत कुजबुज झाली. डोंगरबाई उत्तर बदलतायत ही बातमी शिपायाने वाऱ्यावर सोडली होती. सुरुवात गाळून थेट उत्कर्षबिंदूच. बाईंनी कोऱ्या पानावर तारीख घातली आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं:

‘कथालेखिकेला मुख्य पात्र ओळखता आले नाही. विद्यार्थ्यांना आले.’

पर्यवेक्षिकाबाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून पाहिलं, आणि कोपऱ्यात नव्याने येऊन पडलेल्या अवजड टेबलाकडेही पाहिलं. सही करताना त्या म्हणाल्या, ठीक आहे, गुण मंजूर. फक्त ही लेखिका कोण आहे ते कळलं, तर तिचा उतारा पुढच्या वर्षी घेऊ नका. जिला टाइपरायटर कशाने चालवतात हे माहीत नाही, तिच्या हाती मुलं द्यायची कशी?

डोंगरबाईंनी मान डोलावली. सांगेन म्हणाल्या तिला.