चौथं चाक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुन्या जीपच्या ब्रेकातली हवा काढणं. आज एका ऑटोवाल्यानं दारात ब्रेक ऑइल सांडलं, अन् त्या वासानं मी तिथंच जाऊन पोचलो.

अकोल्याच्या भंगारातून एकेक सामान आणून मी ती जीप उभी केली होती. माझ्या बायकोले, शांतीले, तिच्यात बसून मूर्तिजापूरले माहेरी जायचं होतं. हवा काढायले दोन माणसं लागतात. ती वर बसून ब्रेक दाबे, मी खाली पडून चाकामागचा स्क्रू सैल करी.

तीन चाकं झाल्यावर ती म्हणाली, "अहो, माहा डावा हात लय दुखून राहिला."

"ब्रेक पायानं दाबतेत, हातानं नाई. दाब!"

ती हसली. खालून मले तिचा पायच दिसत होता. चेहरा मी पाहिलाच नाही.

"राहू द्या, आता उद्या," म्हणून ती उतरली. दिवेलागणीच्या आतच तिनं जीव सोडला. हात कशानं दुखत होता, ते डॉक्टरनं मागून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात लोक तिरडी बांधून राहिले होते. मी जीपखाली जाऊन पडलो, चौथ्या चाकाच्या स्क्रूले पाना लावला अन् म्हटलं, "दाब, शांते."