शेजाऱ्याने दिलेली पडताळणी

खून, दरोडे पुष्कळ हाताळले. तरी निवृत्तीनंतर मला सारखी आठवते ती एक साधी पोलीस पडताळणी. खरी नावं सांगणार नाही. अर्जदाराला अण्णा म्हणू आणि शेजाऱ्याला तात्या. दोघंही चाकणच्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले, रहाटणीत भिंतीला भिंत लावून राहणारे.

अण्णा विधुर. फाउंड्रीच्या धुळीने छाती निकामी झालेली, थंडीत श्वास घेता येईना. एकुलता मुलगा थायलंडला समुद्रकाठच्या हॉटेलात आचारी. वडिलांना उबदार हवेत आणावं म्हणून त्याने दीर्घ मुदतीच्या व्हिसाची खटपट चालवली होती. त्यासाठी, या माणसावर गुन्हा दाखल नाही, असा पोलिसांचा दाखला लागतो. आमचा अंमलदार घरी जाऊन आला, अभिलेख तपासले, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल माझ्या सहीला आला.

त्याच सकाळी ठाण्यात फोन आला. "काल तुमच्या मानसानं ज्याची पडताळणी केली, त्यो अण्णा न्हाई." एवढं बोलून फोन बंद. ठाणे अंमलदाराने शिरस्त्याप्रमाणे नंबर डायरीत टिपून ठेवला.

परदेशाचा मामला, त्यात तोतया अर्जदार. माझ्या डोक्यात लगेच टोळी, एजंट, भानगड. अंमलदाराला विचारलं, "फोटो पाहिला होतास?"

"साहेब, प्रिंट काळी आली होती. म्हातारा, मिशी, चष्मा. जुळलं की."

त्याला मी काय बोललो ते छापण्याजोगं नाही. स्वतः रहाटणीला गेलो. दार उघडणाऱ्याकडे बोट करून अंमलदार म्हणाला, "हेच अर्जदार." मूळ पासपोर्ट मागितला, तर फोटो दुसऱ्याचाच. फोटोतला म्हातारा आत दिवाणावर कानटोपी घालून शांत बसला होता. दार उघडणारे होते तात्या. अण्णांजवळ तात्यांच्या सुनेला बसवून मी तात्यांना ठाण्यात आणलं.

"दुसऱ्याच्या नावाने उत्तरं दिलीत. गुन्हा आहे हा, कळतंय?"

"व्हय साहेब. त्याला इसर पडलाय. सोताचं नाव बी सांगता येत न्हाई. तुमचा मानूस इचारनार, ह्यो गप ऱ्हानार, मग कागुद अडनार. कंपनीत मला उशीर झाला तर त्यो माझं कार्ड पंच करायचा, त्याला झाला तर मी. तसंच समजून बसलो."

मला पटेना. खोटं बोलणारा तपशिलात घसरतो, हा माझा अनुभव. म्हणून तपशिलातच शिरलो. अण्णांचं लातूरकडचं गाव, शाळेतले मास्तर, आई कशाने गेली, लग्नात वऱ्हाडाचा ट्रॅक्टर कुठे रुतला, मुलगा जन्मला तेव्हा कोणती शिफ्ट होती, भट्टीवर कोणता हात भाजला. प्रश्न उलटेसुलटे फिरवले. तात्या एकदाही अडखळले नाहीत. मुलाला फोन लावून ताळा घेतला. तो सांगेल ते जुळत होतं, पण निम्म्या गोष्टी त्यालाच माहीत नव्हत्या. तात्यांनी तर लातूर कधी पाहिलंही नव्हतं. मी पेन खाली ठेवला. समोरच्या माणसाबद्दल इतका आदर मला त्या खोलीत पूर्वी कधी वाटला नव्हता.

मग फोन कोणी केला? अर्जावर ओळख देणाऱ्या शेजाऱ्याचा, म्हणजे तात्यांचा नंबर होता. डायरीतल्या नंबराशी ताडून पाहिला. एकच निघाला.

"फोनही तुम्हीच केलात?"

"केला. काम झालं म्हनून काल बरं वाटलं. आज त्याला अंघोळ घालत हुतो, तर मनात आलं, आता ह्यो जानार. त्याच्याबिगर माझा दिस जायचा कसा? पर हितं ऱ्हायला तर थंडीत मरंल, ते बी ठावं हाय. साहेब, मला आत टाका, त्याचं कागुद अडवू नका."

जे घडलं ते सगळं जबाबात घेतलं आणि वरिष्ठांपुढे ठेवलं. लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटलं. पडताळणी नव्याने करायला मी गेलो. तात्यांना दम दिला होता, तोंड उघडायचं नाही.

"नाव काय तुमचं?" अण्णांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी ओठ घट्ट मिटले होते, डोळे भरून आले होते. मी तात्यांकडे बोट दाखवलं. "हे कोण?"

अण्णा पटकन म्हणाले, "आमचा माणूस हाय की."

फोटो जुळला, इतर शेजाऱ्यांनीही ओळख दिली. विसर पडणं हा काही गुन्हा नव्हे. मी सही केली.

नोकरीभर मी लोकांची ओळख कागदावर तपासली. एका माणसाची सगळी ओळख दुसरा माणूस इतकी सुखरूप सांभाळू शकतो, हे मला तात्यांनी दाखवलं. पुढे व्हिसा आला. मुलगा न्यायला आला तेव्हा तात्यांनी चार दिवस त्याला समोर बसवून बापाचं आयुष्य पहिल्यापासून सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. ते पक्कं झाल्यावरच त्यांनी अण्णांची बॅग भरायला घेतली.