सासूबाईंचं काशाचं वाडगं

चिंच लावून काशाचं वाडगं घासलं की ओल्या धातूचा एक आंबट वास येतो. परवा तो आला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या, बंगळूरजवळच्या येलहंक्यात, सासुरवाडीच्या पहिल्या पंगतीत जाऊन उभा राहिलो.

नवा जावई म्हणून मी तोऱ्यात जाहीर केलं होतं, "सार मी वाढणार!"

सासूबाई म्हणाल्या, "जपा हं, जावईबापू. माझ्या आईचं वाडगं आहे. कासं वाकत नाही, पडलं की फुटतं."

डाव्या तळहातावर वाडगं, उजव्या हातात पळी, अशी माझी स्वारी निघाली. जाड कासं आधी काहीच कळू देत नाही. पंगतीच्या मध्यावर मात्र हात भाजू लागला. दोन्हीकडे पानं आणि म्हातारी माणसं; वाडगं टेकवायला तसूभर जागा नाही. समोर बायकोचे मामा विहीर खणावी तसं भातात आळं करत बसलेले.

"मामा, लवकर!"

"स्वल्प थांबा हो. कड फुटली तर सार पळतं."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मामांनी वर पाहिलं आणि ते गहिवरून ओरडले, "अक्का, बघ! वाढताना जावई रडतोय. केवढी माया!"

अख्खी पंगत हेलावली. तेव्हा मला ती सगळी माणसं आंधळी वाटली. आज वाटतं, मला आपलं म्हणायला ती निमित्तच शोधत होती. सासूबाई डोळे पुसत आल्या आणि त्यांनी कढत साराने वाडगं पुन्हा काठोकाठ भरलं.