कोर्टाच्या व्हरांड्यात

आमची मुक्ता कोर्टाच्या व्हरांड्यात धावत जाऊन तिच्या मुख्याध्यापिका बाईंना बिलगली. मुक्ताला ऐकू येत नाही. खुणांच्या भाषेत शिकवणाऱ्या तिच्या शिक्षिकेला पालिकेने शाळेतून काढलं, म्हणून आम्ही नवरा-बायकोने पालिकेवर दावा लावला होता. बाई पालिकेच्या बाजूने आल्या होत्या, पण ते मुक्ताला कुठे ठाऊक!

बाईंचा हात सवयीने तिच्या केसांवर गेला. मग त्यांनी शेजारी उभ्या पालिकेच्या साहेबांकडे पाहिलं आणि तिची बोटं हलकेच सोडवली. बाईही घाबरल्या आहेत हे दिसल्यावर माझी भीती उलट वाढली. ज्यांच्याशी भांडायचं, त्यांच्याच हाती रोज लेकरू सोपवायचं. तिला कुणी ढकललं, कोपऱ्यात बसवलं, तर तिच्या खुणा समजणारं तिथे आता आहे कोण?

"दावा मागे घेऊ या का?" मी नवऱ्याला विचारलं.

"मग तिला शिकवणार कोण?" तो म्हणाला.

इतक्यात पुकारा झाला. आम्ही आत गेलो. त्या दिवशी नुसती पुढची तारीख मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता हसत शाळेत शिरली. फाटक बंद झाल्यावरही माझा पाय तिथून निघेना.