नवरदेवाच्या दाढीचा चामोटा

आमच्या घराण्यात पहिली बी.एस्सी. मी झाले आणि आमच्या घरातला सगळ्यात चांगला चामोटाही मीच आणला. या दोन्ही गोष्टी मी येताजाता सांगते. ऐकणारे कंटाळले तर कंटाळू देत.

चामोटा म्हणजे वस्तऱ्याचा चामड्याचा पट्टा. वस्तऱ्याला धार दगडावर येते, पण गालावरून फिरण्याइतकी ती गुळगुळीत होते चामोट्यावरच. कळमेश्वरच्या आमच्या दाढी-कटिंगच्या दुकानात बाबा कधीचे ब्लेड वापरतात. गिऱ्हाइकाला समोर नवं पातं फोडलेलं लागतं. आजोबांचा वस्तरा मात्र घरच्या लग्नात निघतो. आमच्याकडे मांडवात नवरदेवाची दाढी त्याचा बाप करतो, त्याच वस्तऱ्याने. बाबांची तशीच झाली, त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे मोठेबाबांचीही तशीच झाली.

धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात निघालं. बाबांनी पेटीतून वस्तरा काढला. तो ठीक होता. चामोटा पार तडकलेला. बोट फिरवलं तर भुगा हाताला लागत होता.

मोठेबाबा लग्नासाठी आधीच येऊन बसले होते. ते म्हणाले, "ब्लेड लाव गा आता. पोराच्या गालावर नक्षी काढतं काय?"

बाबा वस्तरा पुन्हा फडक्यात गुंडाळू लागले. त्यांचं ते गुंडाळणं मला पाहवलं नाही.

"चामोटा मी आणते," मी म्हटलं.

"तुले काय समजते वं त्यातलं?" मोठेबाबा हसले. "तू तं लॅबवाली."

लॅबवाली तर लॅबवाली. हिंगण्याच्या कंपनीत मी रंग तपासते. खरा माल आणि वरून चकाकणारा माल यांतला फरक ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

रविवारी बाबांना घेऊन नागपूर गाठलं. पहिल्या दुकानदाराने काळाभोर, आरशासारखा पट्टा पुढे टाकला. मी तो दुमडला. वरचा थर पापडासारखा चिरला.

"मॅडम, एक नंबर माल आहे. गाडीच्या सीटले हाच लागते."

"मग सीटलेच लावा," मी म्हटलं आणि बाबांना बाहेर काढलं.

दुसरा माणूस वरातीच्या घोड्यांचे लगाम शिवणारा. त्याच्याकडे म्हशीच्या चामड्याचा एक पट्टा होता, बाभळीच्या सालीत कमावलेला. नाकाशी धरला तर सालीचा वास; रंगाचा नाही. जाडी सगळीकडे सारखी, कुठे व्रण नाही, रुंदीला पात्यापेक्षा थोडा जास्तच. बाबांनी वस्तऱ्याची पाठ त्यावर ठेवून सावकाश ओढली. पुन्हा ओढली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "धरते अन् सोडते." चामोट्याची याहून मोठी तारीफ मी आजवर ऐकलेली नाही.

पण घरी आल्यावर धार येईना. बाबा रोज सकाळी वस्तरा चामोट्यावर फिरवत आणि मनगटावरच्या केसांवर पाहत. केस नुसते लवत, कापले जात नसत. पुढे पुढे तर वस्तरा पट्ट्यावरच अडखळायला लागला. मोठेबाबा कूलरसमोरच्या खाटेवरून ही गंमत बघत.

"शिकल्या पोरीनं आणला म्हणते! डिग्री घासून पाह्य वं त्याच्यावर, तिले तरी धार येईन."

सगळी खोली हसली. भाऊही हसला, मेला. बाबा तेवढे हसले नाहीत. "मांडवाले आठ दिस राहिले. ब्लेडच लावतो," ते हळूच म्हणाले.

मी चामोटा खुंटीवरून काढला आणि तळव्याने चाचपला. वरचं टोक ठीक. खालचं गार, मऊ, कडा आत वळलेल्या. खुंटी कुठे होती? कूलरच्या तोंडासमोर. जुना उन्हाळ्याने तडकला म्हणून नव्याला बाबांनी घरातली सगळ्यात गार जागा दिली होती. नागपूरकडचा माणूस जीव लावतो त्याला कूलरसमोर बसवतो. आम्ही चामड्यालाही बसवलं. मोठेबाबा दिवसभर कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडत होते, आणि ती सगळी ओल पट्टा पीत होता.

"बाबा, माल चांगला आहे. त्याले ओल लागली," मी म्हटलं.

चामोटा आतल्या खोलीत सावलीत सपाट ठेवला. त्यावर पाट, पाटावर तांदळाचा डबा. मोठेबाबांनी खोबरेल तेल सुचवलं. "तेल डोक्याले लावा," मी म्हटलं. वाळल्यावर रोज फक्त तळहाताने चोळला, चामडं कोमट होईपर्यंत. मग एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसरं ओढून धरलं.

"ताण ठेव. झोल आला का धार गोल होते," बाबा म्हणाले. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पातं पाठीवरच पलटायचं, धारेवर कधीच नाही. आणि जोर द्यायचा नाही. ते मांडवाच्या कामाला लागले तसं हे काम माझ्याकडे आलं. लग्नाच्या आदल्या सकाळी मी वस्तरा मनगटावर नुसता टेकवला. केस खाली पडले. मी बाबांना मांडवातून हाक मारून बोलावलं आणि दुसऱ्या मनगटावर पुन्हा करून दाखवलं.

दाढीच्या वेळी भाऊ पाटावर बसला. गरम टॉवेल झाला, फेस झाला. मोठेबाबा पहिल्या खुर्चीत, खिशात ब्लेडचं पाकीट घेऊन तयार. मी चामोट्यावरून शेवटचा हात फिरवून वस्तरा बाबांच्या हातात दिला. बाबांनी पहिला हात फिरवला. खरखर नाही, काही नाही, फेसावरून नुसती सर्र.

डोळे मिटून बसलेला भाऊ थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, करा ना सुरू."

"अर्धी झाली गा!"

काय हसले लोक! आई तर हळदीची वाटी हातात घेऊन हसत होती. गाल पुसला, टॉवेलवर लाल ठिपका नाही. बाबांनी टॉवेल झटकून चारी बाजूंना दाखवला, जत्रेतल्या जादूगारासारखा. एवढा ऐटबाज बाप मी त्याआधी पाहिला नव्हता.

मोठेबाबा उठले. नवरदेवाच्या गालावरून उलटं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि स्वतःच पाटावर बसले.

"माही बी करून दे गा."

"ब्लेड देऊ काय, मोठेबाबा?" मी विचारलं.

"चूप बस वं. लाव तुह्या डिग्रीले धार!"

वस्तरा औषधाच्या पाण्यातून काढून, पुसून कोरडा केला. मग मी चामोटा कडीला बांधला, ओढून ताणला आणि हलक्या हाताने फिरवू लागले. घाई अजिबात केली नाही. फेस लावून बसू दिलं त्यांना तसंच, सगळ्या मांडवासमोर.