इथली तारीख

नॉटिंगहॅमला आमचा रविवारचा बालसंस्कार वर्ग चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. वर्ग चालवणाऱ्या काकूंचा नियम कडक. मूल सोडून शॉपिंगला पळायचं नाही, आईने नाहीतर बाबांनी शेजारी मांडी घालून बसायचं. शिवाय दर रविवारी एका आईने दिवा लावायचा आणि आपल्या लहानपणची एखादी गोष्ट मुलांना सांगायची. त्या रविवारी पाळी माझी होती.

गुरुवारी संध्याकाळी लेकीला आंघोळ घालत होते, तेव्हा भावाचा फोन आला. बाबा गेले. पुण्यात तेव्हा शुक्रवार लागला होता. नवरा हॉस्पिटलात ऑन-कॉल, तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, म्हणून मी गेले नाही. रडूही आलं नाही. लेकीचे केस पुसले, तिला झोपवलं. तिला आजोबांचं सांगायला तोंडच उघडेना.

लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस. एरवी मी असलं काही पाळत नसे, पण ते तीन दिवस मला हवे होते. बाबांसाठी तेवढंच माझ्या हाती होतं. काकूंना फोन करून म्हटलं, "रविवारी मला जमणार नाही, सुतक आहे."

मग सुरू झाला हिशोब. पुण्याचा शुक्रवार धरला तर सुतक रविवारी संपत होतं, इथला गुरुवार धरला तर शनिवारीच. काकूंनी त्यांच्या यजमानांना विचारलं, यजमानांनी माझ्या नवऱ्याला. दोघे शहाणे फोनवर घड्याळाचे तास मोजत बसले. माझा बाप गेला होता आणि यांचं टाइमटेबल चाललं होतं.

शेवटी काकू म्हणाल्या, "अगं, राहतो इथे, तर इथलीच तारीख धरायची. ये तू. मुलांमध्ये बरं वाटेल." मायेनेच बोलत होत्या. माझा एक दिवस गेला, आणि भांडायचंही त्राण नव्हतं.

रविवारी दिवा लावला. गोष्ट सांगितली. बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे आणि वाटेत श्लोक म्हणून घ्यायचे. चढ आला की आवाज माझा एकटीचाच, कारण त्यांना धाप लागायची. मुलं हसली. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

एका मुलाने विचारलं, "आँटी, ते आता कुठे आहेत?"

मी काही बोलायच्या आत माझी लेक ओरडली, "पुण्यात! आम्ही समरमध्ये जाणार आजोबांकडे."

काकूंनी मान खाली घातली. सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं, "पुण्यात." आणि प्रसाद वाटायला उठले.